दिशात्मक की स्थिरीकारी निवड : वर्गात कोणते उदाहरण घ्यावे?

बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीकडे नैसर्गिक निवडीचे एकच उदाहरण सविस्तर मांडण्याइतका वेळ होता : गालापागोस बेटांवरील फिंच पक्ष्यांची चोच घ्यावी, की नवजात बालकांचे वजन?

दिशात्मक निवडीत एखाद्या गुणधर्माची सरासरी एका बाजूला सरकते; ती कशी बदलते हे पाहिले, तर फिंचचे उदाहरण ठळक आहे. १९७७ च्या दुष्काळात तिथल्या डॅफ्नी मेजर या बेटावर लहान, मऊ बिया संपत गेल्या, मोठ्या आणि कठीण बियाच उरल्या आणि त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले. चोचीची जाडी आनुवंशिक असल्यामुळे पुढच्या पिढीची सरासरीही वाढली, हे पीटर आणि रोझमेरी ग्रँट या संशोधक दांपत्याने प्रत्यक्ष मोजून दाखवले. १९८२-८३ च्या अतिवृष्टीनंतर मात्र लहान बिया मुबलक झाल्या आणि निवडीची दिशा उलटली. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उत्क्रांती ठरलेल्या ध्येयाकडे जाते हा गैरसमज त्याने दूर होतो.

जन्मवजन हे स्थिरीकारी निवडीचे, म्हणजे मधल्या मूल्यांना झुकते माप देणाऱ्या निवडीचे उदाहरण. त्याची सरासरी जवळपास जागीच राहते; फार हलकी आणि फार जड बालके दगावण्याचे प्रमाण अधिक असल्याने दोन्ही टोकांवर दाब येतो आणि विविधता मर्यादित राहते. कार्न आणि पेनरोज या संशोधकांनी १९५१ मध्ये लंडनमधील जन्मनोंदींवरून हे मांडले. आधुनिक वैद्यकाने हा दाब पुष्कळ कमी केला आहे, हेही सांगायलाच हवे.

बदल कसा घडतो हे दाखवायचे असेल, तर फिंच घ्यावेत. गुणधर्म स्थिर राहणे हेही निवडीचेच फलित असू शकते हे पटवायचे असेल आणि विद्यार्थ्यांना आलेख वाचता येत असतील, तर जन्मवजन अधिक उपयोगी आहे.