झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन: औषध चांगलं, पण सगळी काळजी सुई टोचण्याआधीची

झोलेड्रॉनिक ॲसिड हे इंजेक्शन कोकणातल्या घरांत दोन वाटांनी येतं. एक वाट हाडांच्या डॉक्टरांकडची. आजी न्हाणीघरात घसरते, खुबा मोडतो, ऑपरेशन होतं आणि मग वर्षातून एकदा घ्यायची सलाईन लिहून दिली जाते. दुसरी वाट कॅन्सरची. मुख्य उपचार मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात चालू असतात आणि मधले डोस चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा जवळच्या गावी घेतले जातात. हाडांत पसरलेला आजार किंवा रक्तात भलतंच वाढलेलं कॅल्शिअम, या दोन्हींसाठी हेच औषध चालतं. औषध एकच, पण बाटल्या दोन प्रकारच्या, आणि पहिला घोळ तिथेच होतो.

कॅन्सरसाठीचा डोस 4 मिलिग्रॅमचा. मूळ कंपनीचा ब्रँड झोमेटा. हाडांच्या ठिसूळपणासाठीचा डोस 5 मिलिग्रॅमचा, 100 मिलिलिटरच्या तयार बाटलीत, मूळ ब्रँड ॲक्लास्टा किंवा रीक्लास्ट. आपल्याकडे दोन्हींचे भारतीय ब्रँड भरपूर आहेत आणि खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव पाहून आतलं औषध कळत नाही. त्यामुळे 4 मिलिग्रॅमचे डोस चालू असलेल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरांनी कंबरदुखीसाठी 5 मिलिग्रॅमची बाटली लिहून दिली, तर दोन्ही औषधं एकच आहेत हे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. बाटली विकत घेताना लहान अक्षरातलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचा. रिकाम्या खोक्याचा तो भाग कापून तारखेसह फाइलला लावून ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तो तुकडा दहा तोंडी खुलाशांपेक्षा जास्त सांगतो.

हे औषध गोळीसारखं नाही. गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद करता येते. हे शिरेतून आत गेलं की चोवीस तासांत साधारण 40 टक्के लघवीवाटे बाहेर पडतं, बाकीचं हाडांना जाऊन चिकटतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. वर्षातून एकदा घेऊन भागतं ते याचमुळे, आणि चुकीच्या माणसाला दिलं गेलं तर ते परत काढून घेता येत नाही तेही याचमुळे. बाहेर पडणारा सगळा भाग किडनीतून जातो, म्हणून पहिला प्रश्न किडनीचाच.

इथे रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ शिक्का फसवा असतो. किडनीसाठीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन 1.0 आलं की घरचे निश्चिंत होतात. पण तोच आकडा रापणीवर, म्हणजे मासेमारीला जाणाऱ्या तिशीतल्या तरुणाचा असणं वेगळं आणि 75 वर्षांच्या, 42 किलो वजनाच्या म्हातारीचा असणं वेगळं. हिशोब असा: 140 वजा वय, गुणिले किलोतलं वजन, भागिले 72 गुणिले क्रिएटिनिन, आणि बाई असेल तर आलेल्या उत्तराला 0.85 ने गुणायचं. या आजीचं उत्तर येतं सुमारे 32. म्हणजे तिची किडनी मिनिटाला साधारण 32 मिलिलिटर रक्त साफ करते. हे उत्तर 35 च्या खाली असेल तर 5 मिलिग्रॅमची बाटली द्यायची नाही. कोकणातल्या बारीक चणीच्या म्हाताऱ्या बायकांत हे वरचेवर दिसेल, म्हणून नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. वजन सांगा आणि डॉक्टरांना हा हिशोब करायला सांगा. रिपोर्टही ताजा हवा. दोन महिन्यांपूर्वीचा चालणार नाही.

हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये डोस याच हिशोबाने कमी केला जातो. उत्तर 60 च्या वर असेल तर पूर्ण 4 मिलिग्रॅम, 50 ते 60 ला 3.5, 40 ते 49 ला 3.3, 30 ते 39 ला 3.0. त्याखाली दिलं जात नाही. 5 मिलिलिटरमध्ये 4 मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधातून हे तीन कमी केलेले डोस काढायचे तर अनुक्रमे 4.4, 4.1 आणि 3.8 मिलिलिटर ओढायचे. प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं, कारण किडनी बिघडायला लागली तर ती आधी तिथेच कळते.

आता पॅकिंगबद्दल. पावडरची कुपी स्वस्त पडते, पण तिला एक पायरी जास्त लागते. आधी 5 मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून पावडर पूर्ण विरघळवायची आणि मग ते 100 मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळायचं. पातळ औषधाची कुपी थेट सलाईनमध्ये जाते, शिवाय डोस कमी करायचा असेल तर मोजायला सोपी. लहान दवाखान्यासाठी आम्ही हीच सुचवू. 5 मिलिग्रॅमच्या तयार बाटलीत काहीच मिसळावं लागत नाही. फक्त हवा आत जायची सोय असलेला सेट लावायचा, नाहीतर थेंब मध्येच अडतात आणि कुणीतरी घाईने चावी सैल सोडतं.

मिसळायला साधं 0.9 टक्के सलाईन किंवा 5 टक्के डेक्स्ट्रोज घ्यायचं. आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, अजिबात नको. कपाटात हाताला पहिली लागते ती बऱ्याचदा आरएलचीच बाटली, आणि त्यात कॅल्शिअम असतं. कॅल्शिअम असलेल्या कुठल्याही द्रवाशी या औषधाची गाठ पडता कामा नये. आधीपासून आरएल चालू असेल तर त्याच नळीतून हे सोडायचं नाही, वेगळी नळी लावायची. मिसळलेलं औषध लगेच द्यावं. ठेवणं भागच पडलं तर फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायचं, मिसळल्यापासून चोवीस तासांत संपवायचं आणि देण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं.

वेग ही दुसरी मोठी गोष्ट. पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात हे औषध कधीही सोडायचं नाही. सुरुवातीच्या अभ्यासांत ते पाच मिनिटांत दिलं जायचं, तेव्हा किडनी बिघडण्याचं प्रमाण जास्त आढळलं, म्हणून वेळ वाढवली गेली. पंप नसेल आणि मिलिलिटरला 20 थेंबांचा नेहमीचा सेट असेल, तर 100 मिलिलिटर पंधरा मिनिटांत संपवायला मिनिटाला 133 थेंब पडावे लागतील. इतके डोळ्यांनी मोजता येत नाहीत. अर्धा तास धरला तर मिनिटाला 67 थेंब होतात आणि ते नीट मोजता येतात. आमच्या मते पंपाशिवाय देणाऱ्यांनी अर्धा तासच धरावा. शेवटी 10 मिलिलिटर साध्या सलाईनने नळी धुवायची, म्हणजे नळीत उरलेलं औषधही शिरेत जातं.

रुग्णाने त्या दिवशी काही तास आधीपासून निदान दोन मोठे ग्लास पाणी प्यायलेलं हवं. पेज, ताक, कोकम सरबत काहीही चालेल. जुलाब, उलट्या किंवा ताप चालू असेल तर सलाईन पुढे ढकलायची. एसटीने तीन तास प्रवास करायचा म्हणून सकाळपासून पाणीच न पिण्याची सवय अनेक बायकांना असते, आणि या औषधाला नेमकी तीच बाधते.

रक्तातलं कॅल्शिअम वाढलेलं असतं तेव्हा चित्रच वेगळं. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, मग गुंगी आणि असंबद्ध बोलणं. अशा माणसाच्या अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं, म्हणून पहिलं औषध साधं सलाईनच. लघवी दिवसाला दोन लिटरच्या आसपास होऊ लागेल इतकं पाणी द्यायचं, पण हृदय कमजोर असेल तर बेताने. लघवी वाढवणारं इंजेक्शन अंगात पाणी भरण्याआधी दिलं तर उलट नुकसान होतं. कॅल्शिअमचा आकडा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासोबत वाचायचा. अल्ब्युमिन 4 पेक्षा जितकं कमी, त्या फरकाला 0.8 ने गुणून कॅल्शिअममध्ये मिळवायचं. कॅल्शिअम 11.0 आणि अल्ब्युमिन 2.5 असेल तर खरा आकडा 12.2 होतो. झोलेड्रॉनिक 12 पासून द्यायचं असतं, म्हणजे कागदावर बऱ्या दिसणाऱ्या या रुग्णाला ते लागतं. इथे 4 मिलिग्रॅमचीच कुपी लागते, 5 ची बाटली नाही. क्रिएटिनिन 4.5 पर्यंत असलं तरी तज्ज्ञ डॉक्टर फायदा-तोटा तोलून देऊ शकतात.

औषध दिल्यावर कॅल्शिअम उतरायला एक-दोन दिवस लागतात आणि पूर्ण परिणाम साधारण चार ते सात दिवसांत दिसतो. तिसऱ्या दिवशी माणूस अजून गुंगीतच आहे म्हणून घरचे दुसऱ्या कुपीसाठी धरून बसतात. सात दिवसांच्या आत दुसरा डोस द्यायचा नसतो. मधल्या काळासाठी कॅल्सिटोनिन हे कॅल्शिअम उतरवणारं दुसरं औषध आहे. ते काही तासांतच काम सुरू करतं, पण दोन दिवसांत त्याचा जोर ओसरतो.

कॅल्शिअमच्या गोळ्यांचा नियम दोन्हीकडे नेमका उलटा आहे, आणि घरच्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. कॅल्शिअम वाढलेल्या रुग्णाच्या कॅल्शिअम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या बंद करायच्या. ब्लडप्रेशरसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण त्यांनीही कॅल्शिअम वाढतं. हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णाला मात्र या गोळ्या सलाईनइतक्याच गरजेच्या. अन्नातलं धरून दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि 800 ते 1000 युनिट व्हिटॅमिन डी. सलाईनआधी डी तपासून कमतरता भरून काढायची. रोज उन्हात वावरणाऱ्यांतही ती सापडते. पाकिटावर कॅल्शिअम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शिअम 500 च असतं, आणि ती गोळी जेवणानंतर घ्यायची. रोजची नाचणीची भाकरी किंवा आंबील यात मोठी भर घालते, कारण शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शिअम असतं. सलाईननंतर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या किंवा हातापायात गोळे आले तर कॅल्शिअम फार उतरलंय. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

पहिल्या सलाईननंतर त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप, थंडी, सांधे आणि अंग ठणकणं हे अनेकांना होतं. बहुतेकांचं तीन दिवसांत ओसरतं आणि पुढच्या वेळी कमी होतं. पॅरासिटामॉल घ्यावं. अंग ठणकतंय म्हणून जवळच्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मात्र घेऊ नये, किडनीवर आधीच भार पडलेला असतो. भातलावणीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताप तीन दिवसांपुढे गेला, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे-लाल दिसले, तर तो सलाईनचा ताप म्हणून घरी बसू नका. लेप्टोस्पायरोसिस आणि डेंग्यू याच काळात असतात. डोळा लाल होऊन दुखणं हा या औषधाचाही दुष्परिणाम आहे, त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांना सलाईनबद्दल सांगा.

दातांचं काम सलाईनआधी उरकायचं. या औषधाने जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते. दात काढल्यावर जखम भरत नाही आणि हाड उघडं पडू शकतं. हा धोका दर महिन्याला डोस घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांत बराच जास्त असतो, वर्षातून एकदा घेणाऱ्यांत क्वचितच दिसतो. कोकणात मशेरी लावणाऱ्या बायका अजून खूप आहेत आणि त्यांच्या हिरड्यांची अवस्था आधीच वाईट असते. हलणारे, किडलेले दात आधी काढून जखम पूर्ण भरू द्या. कवळी टोचत असेल तर ती घासून नीट करून घ्या. नंतर दात दुखला तर डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्याबरोबर या सलाईनचं नाव सांगा.

इतकं सांभाळून घेण्याइतकं हे औषध मोलाचं आहे का? आमच्या मते निश्चित आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वर्षातून एक अशा तीन सलाईन घेतलेल्या वयस्क बायकांत मणका दबण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं 41 टक्क्यांनी कमी झालं. शिवाय कुपी फ्रीजशिवाय राहते आणि डोस पंधरा दिवस पुढे गेला तरी अनर्थ होत नाही.

ठिसूळ हाडांसाठीचं दुसरं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायच्या 60 मिलिग्रॅम डेनोसुमॅबबद्दल असं म्हणता येत नाही. किडनी कमजोर असेल तर ते चांगला पर्याय आहे, पण अशा रुग्णांत कॅल्शिअम धोकादायक उतरू शकतं, म्हणून आधी आणि दोन आठवड्यांनी तपासणी हवी. ते फ्रीजमध्येच ठेवायचं. बाहेर काढलं तर 25 अंशांच्या आत 14 दिवस टिकतं, आणि मे महिन्यात किनाऱ्यावर 25 अंश मिळणार कुठून? मुंबईहून आणताना इन्सुलिनची थंड पिशवी वापरा, बर्फाची पिशवी कापडात गुंडाळा. गोठलेलं इंजेक्शन टाकूनच द्यावं लागतं. आणि डोस चुकवू नका. त्याचा परिणाम उतरला की हाडं झपाट्याने झिजतात आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. मुलं शिमग्याला आणि चवथीला गावी येतात म्हणून त्या दोन सणांवर तारीख बांधणं सोयीचं वाटतं. पण 2026 मध्ये अधिक महिना आल्याने होळी मार्चच्या सुरुवातीला आणि चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. सहा महिने उलटून वर दहा-बारा दिवस जातात, आणि त्यात गाडीचं तिकीट मिळालं नाही की सातवा महिना उजाडतो. सणांवर न जाता इंग्रजी तारखेला खूण करा. बंद करायचं असेल तर त्यामागे दुसरं औषध, बहुधा झोलेड्रॉनिकच, ठरवून घ्या.

तीन वार्षिक सलाईन झाल्या की चौथी आपोआप घेऊ नका. हाडांची घनता पुन्हा मोजून, काही काळ थांबता येईल का ते विचारा. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत कळ येऊ लागली, पडल्या-लागल्याशिवाय, तर तेल लावत बसू नका. लांब काळ घेतल्यावर मांडीच्या हाडाला आडवी चीर पडू शकते आणि ती बऱ्याचदा दोन्ही पायांत असते. एक्स-रे काढताना दुखत नसलेल्या पायाचाही काढायला सांगा.