‘फिनितो’ लोपेझ की ‘चिकिता’ गोन्झालेझ?

नव्वदच्या दशकात मेक्सिकोकडे बॉक्सिंगचे दोन चिमुकले चॅम्पियन होते: 47.6 किलोंच्या गटात रिकार्डो ‘फिनितो’ लोपेझ आणि 49 किलोंच्या गटात उंबेर्तो ‘चिकिता’ गोन्झालेझ.

आकड्यांत लोपेझला तोड नाही. 51 विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. 2001 मध्ये शेवटची लढत, आणि अजिंक्य राहूनच निवृत्त. सरळ जॅब (पुढच्या हाताचा झटपट ठोसा), मग खालून वर येणारा अपरकट, फुकटची हालचाल जवळपास नाहीच. पैज लावायची तर मी त्याच्यावरच लावेन.

बघायला मात्र चिकिता! अंगावर धावून जायचा, दोन द्यायचा, दोन खायचा. मार्च 1993 मध्ये लास वेगासला त्याने अमेरिकेच्या मायकेल कार्बाहालला दोनदा लोळवलं आणि सातव्या फेरीत स्वतःच आडवा झाला. 1994 मध्ये दोनदा गुणांवर हरवून वचपाही काढला. लोपेझला असा तोडीस तोड गडी, रोसेंदो आल्वारेझ, भेटला थेट 1998 मध्ये. म्हणूनच बोलबाला चिकिताचा जास्त झाला.

दोघं एकमेकांशी कधी भिडलेच नाहीत. पण थायलंडचा समान सोरजातुरोंग दोघांशी लढला. 1993 मध्ये लोपेझने त्याला दुसऱ्याच फेरीत गारद केलं. 1995 मध्ये त्याच समानने सातव्या फेरीत चिकिताला थांबवलं, आणि चिकिताने ग्लोव्ह्ज उतरवले.