किशोरवयीन कथालेखकांसाठीची ऑनलाइन कार्यशाळा : एका पालकाचा अभिप्राय

माझ्या १३ वर्षांच्या मुलीने नुकतीच ८ आठवड्यांची कथालेखन कार्यशाळा पूर्ण केली. त्यातील निवेदकाच्या दृष्टिकोनावरचे २ आठवडे मला सर्वांत मोलाचे वाटले. हरवलेली सायकल सापडल्याचा एकच प्रसंग मुलांनी आधी 'मी' होऊन, मग तृतीयपुरुषी निवेदनातून आणि शेवटी सायकल नेणाऱ्या मुलाच्या नजरेतून लिहिला. वाचकाला काय कळू द्यायचे आणि काय राखून ठेवायचे, हे निवेदकाच्या निवडीवर अवलंबून असते, हे त्यांना कोणत्याही व्याख्येविना उमगले.

'ती घाबरली' असे न सांगता तिच्या हातून किल्ली दोनदा निसटताना दाखवायची, हा धडाही उत्तम होता. मात्र प्रत्येक भावना अशी दाखवत बसल्यास कथा रेंगाळते, त्यामुळे कुठे एका वाक्यात सांगून पुढे जावे, हेही शिकवायला हवे होते. झाडली जाणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, हे रशियन कथाकार-नाटककार आंतोन चेखॉव्ह यांनी १८८९ मधील एका पत्रात मांडलेले तत्त्व मुलांनी स्वतःच्या मसुद्यांना लावून पाहिले आणि अनावश्यक पात्रे आनंदाने गाळली.

संवादांचा भाग घाईत उरकला गेला. पुनर्लेखनाला तर शेवटचे एकच सत्र मिळाले, याची मला खरोखर खंत वाटते, कारण मसुदा मोठ्याने वाचून अडखळणारी वाक्ये दुरुस्त करण्याची सवय याच वयात लागायला हवी. प्रत्येक कथेवरील मार्गदर्शकांचे लेखी शेरे मात्र सविस्तर आणि ममतेचे होते. माझ्या मुलीने ते जपून ठेवले आहेत.