जुनी जर्मन सेडान, रनफ्लॅट टायर आणि नसलेली स्टेपनी: दीड वर्षाच्या वापरानंतर

जुनी लक्झरी गाडी घ्यायची म्हटलं की लोक इंजिनाची भीती घालतात, गिअरबॉक्सची घालतात, टर्बोची घालतात. माझ्या गाडीच्या इंजिनाने गेल्या दीड वर्षात मला एकदाही रस्त्यात उभं केलेलं नाही. मनस्ताप दिला तो चार टायरांनी, आणि डिकीचं झाकण उचलल्यावर जिथे स्टेपनी दिसायला हवी तिथल्या थर्माकोलच्या खोक्याने. म्हणून पुढचं बरंचसं लिखाण टायरांबद्दलच आहे. पिकअप, फीचर्स, सीटचं लेदर यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. टायरवर कोणी बोलत नाही, आणि साताऱ्यासारख्या ठिकाणी राहून अशी गाडी वापरायची तर सगळ्यात आधी टायरचंच बोलायला हवं.

गाडी २०१३ ची, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. नवी असताना रस्त्यावर यायला चाळीस लाखांच्या पुढे लागले असतील. मला पावणेनऊ लाखांत मिळाली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की चर्चा कोणाचा लोगो भारी यावर जाते. दिल्ली पासिंगच्या अशाच गाड्या दीड-दोन लाखांनी स्वस्त दिसत होत्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली, तेव्हापासून आठ-नऊ वर्षांची झालेली गाडी मालक मिळेल त्या भावाला सोडत होते. पण एनओसी आणायची, आरटीओत पुन्हा नोंदणी करायची, इथला एकरकमी टॅक्स भरायचा, आणि तेवढा वेळ गाडी दारात झाकून ठेवायची. मी पुणे पासिंगचीच घेतली.

आपल्याकडे या गाड्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या उद्योजकांनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ती बातमी अनेकांना आठवत असेल. मर्सिडीजचा कारखाना चाकणला, ऑडीची जुळणी शेंद्र्याला. गाड्या आपल्याच जिल्ह्यांत तयार होतात आणि मधल्या गावांत टायर मिळत नाही, हे मला अजून पटत नाही.

माझ्या गाडीला रनफ्लॅट टायर होते. ते कसे चालतात ते आधी सांगतो. टायरची कड जाड, ताठ रबराची असते. हवा पूर्ण गेली तरी टायर बसत नाही, आणि ८० च्या आत वेग ठेवला तर साधारण ८० किलोमीटर जाता येतं. त्या भरवशावर कंपन्या स्टेपनी काढून टाकतात, वजन वाचतं, डिकी मोठी होते. जर्मनीत हे गणित बरोबर बसतं. आपल्याकडे ऐंशी किलोमीटरच्या आत टायरचं दुकान नक्की असतं; त्या मापाचा रनफ्लॅट ठेवणारं दुकान नसतं.

गेल्या जुलैत चिपळूणला सासुरवाडीला निघालो होतो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, सगळं व्यवस्थित. कुंभार्ली घाट उतरताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं. आवाजावरूनच कळलं. मीटरवर टायरचा दिवा लागला. उतरून पाहिलं तर कडेला दोन बोटं लांबीचा काप. इथे रनफ्लॅटचं श्रेय रनफ्लॅटला द्यायला हवं: पावसात, वळणावर, मोबाईलला रेंज नसताना चाक बदलायची वेळ आली नाही. तीस-चाळीसच्या वेगाने पोफळी, अलोरे करत चिपळूणला पोचलो. मुलं मागे झोपलेलीच होती.

खरी अडचण पोचल्यावर सुरू झाली. पंक्चरवाल्याने टायर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "दादा, कड फाटलीय, याला पॅच बसत नाही. स्टेपनी काढा, लावून देतो." स्टेपनी नाही म्हटल्यावर त्याने डिकी स्वतः उघडून पाहिली. चिपळुणात १८ इंची रनफ्लॅट नव्हता, रत्नागिरीत नव्हता. कोल्हापूरच्या डीलरने मागवून देतो म्हणून सांगितलं. तोवर गाडी सासऱ्यांच्या अंगणात विटांवर. मी एसटीने साताऱ्याला परत आलो आणि टायर आल्यावर पुन्हा एसटीने गाडी आणायला गेलो. एका टायरला २६ हजार मोजले.

विम्यातून काही मिळेल का ते पाहिलं. आपल्या नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरतच नाहीत. त्याच अपघातात गाडीलाही मार लागला असेल तरच टायर धरतात, तेही निम्म्या किमतीपर्यंत. टायरचं वेगळं ॲड-ऑन असतं, पण माझ्या गाडीच्या वयाला ते द्यायला कोणी तयार नव्हतं. पॉलिसी घेताना ही ओळ वाचून ठेवा. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सात लाख दिसतो म्हणून सगळं सुरक्षित आहे असं समजू नका.

आता दुसरा विषय, जो तेव्हा मला वेगळा वाटत होता. गाडी घेतल्यापासून खराब रस्त्यावर पुढून धडधड यायची. शहरातल्या पॅचवर्कवर, सिमेंटच्या रस्त्याच्या जोडांवर, सगळीकडे. बायको म्हणायची आपली जुनी स्विफ्ट यापेक्षा मऊ चालायची, आणि ते खरं होतं. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि संध्याकाळी एस्टिमेट हातात दिलं: चारही शॉकअप, वरचे माउंट, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, अलाइनमेंट, मजुरी. दोन लाख चाळीस हजार आणि वर टॅक्स. गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त. मी विचारलं, शॉकअप गळतोय का? उत्तर आलं, "गळत नाहीये सर, पण वयोमानाने बदलावा लागतो." कोणता भाग किती झिजलाय ते दाखवा म्हटल्यावर कस्टमरला वर्कशॉपमध्ये नेता येत नाही. तपासणीचे पैसे देऊन गाडी घेऊन आलो. मला राग आकड्याचा आला नाही. न दाखवता एवढ्या पैशांचं काम सांगायचं, आणि समोरच्याने घाबरून हो म्हणावं अशी अपेक्षा ठेवायची, याचा आला.

पुण्यात या गाड्यांचंच काम करणारा एक स्वतंत्र मेकॅनिक मित्राने सुचवला. त्याने गाडी वर घेतली, मला खाली उभं केलं, टॉमीने (लोखंडी पहारीने) एकेक सांधा हलवून दाखवला. एका बाजूच्या लोअर आर्मचा बुश (सांध्यातलं रबर) फाटला होता, एक लिंक रॉड खडखडत होता. बाकी ठीक. बुश प्रेसवर बदलला, लिंक रॉडची जोडी टाकली, सगळं मिळून १४ हजार. मग टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड दाखवला: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नवा टायर सोडला तर बाकीचे तिन्ही सहा वर्षांपूर्वीचे. म्हणाला, "साहेब, रनफ्लॅट आधीच ताठ, त्यात रबर सुकलंय. खड्ड्याचा धक्का टायर घेतच नाही, सगळा वर पाठवतो. शॉकअपला हात लावू नका. साधे टायर टाका आणि मग ठरवा."

मी महिनाभर टाळलं. नुकताच २६ हजारांचा टायर घेतलेला, तो काढून ठेवायचा हे मनाला पटेना. शेवटी तो कमी किमतीत एकाला विकला आणि त्याच मापाचे, तोच लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग (टायरला किती वजन आणि किती वेग झेपतो ते) असलेले चार साधे ट्युबलेस घेतले. चारांचे मिळून ५२ हजार, बॅलन्सिंग धरून.

दुकानातून निघून पहिला स्पीडब्रेकर ओलांडला तेव्हाच लक्षात आलं की गाडी बदलली आहे. धडधड गेली. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून साताऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी म्युझिक लावलंच नाही, नुसता टायरचा आवाज ऐकत होतो, कारण आवाजच येत नव्हता. या गाड्यांना लोक लक्झरी का म्हणतात ते मला गाडी घेतल्यानंतर कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी समजलं. दोन लाख चाळीस हजारांचं दुखणं चार टायर आणि एका बुशने गेलं. खंबाटकीच्या वळणांवर स्टिअरिंग पूर्वीइतकं धारदार राहिलं नाही हे मान्य, वळताना गाडी किंचित उशिरा झुकते. मला तो सौदा मंजूर आहे.

इथपर्यंतचं दिवाळीच्या सुमारास लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं की रनफ्लॅट ताबडतोब काढून टाका. ते वाक्य आता बदलतोय.

जानेवारीत पुण्याहून रात्री परत येताना शिरवळच्या पुढे मागचा टायर बसला. खिळा. हायवेच्या कडेला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. सोबत बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर होता, पण खिळा निघून भोक मोठं झालेलं, हवा भरायची त्या वेगाने बाहेर. रनफ्लॅट असता तर मी सरळ घरी पोचलो असतो. फोन करून पंक्चरवाला आणला. त्याला चाक काढायचं होतं आणि तिथे नवीनच गोष्ट कळली: पाचपैकी एक बोल्ट चोरीविरोधी, त्याला वेगळा ॲडॉप्टर लागतो, आणि ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याने तो दिलेलाच नव्हता. टूलकिटमधली त्याची जागा रिकामी. त्या माणसाने चाक न काढता जॅकवरच भोकात दोन रबरी काड्या घालून काम चालवलं, तेव्हा घरी पोचलो. रात्रीचं एवढ्या लांब आलेल्या त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. डीलरला नंतर फोन केला. आधी "आम्हाला आली तशी दिली", नंतर फोन उचलणं बंद. पुढच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये तो बोल्ट ठोकून काढला आणि चारही चाकांना साधे बोल्ट लावले.

तर माझं आजचं मत असं. तुमचं जाणं-येणं मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि शहर एवढंच असेल, रात्री-अपरात्री घरचं कोणी एकटं गाडी चालवत असेल, तर रनफ्लॅट ठेवा आणि ताठरपणा सोसा. घाट, कोकण, तालुक्याचे रस्ते असतील तर साधे टायर घ्या, पण स्टेपनीची सोय केल्याशिवाय नको. नुसता कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली यावर विसंबू नका. खिळ्याच्या भोकाला ते चालतं, फाटलेल्या कडेला त्याचा काही उपयोग नाही.

हे फक्त जुन्या जर्मन गाड्यांपुरतं नाही. केंद्राने २०२० मध्ये मोटार वाहन नियम बदलले: टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर कंपनीने स्टेपनी द्यायची सक्ती नाही. तेव्हापासून साध्या आणि इलेक्ट्रिक गाड्याही स्टेपनीशिवाय येऊ लागल्या, त्याही रनफ्लॅटशिवाय. मुंबईत बसून हा नियम कदाचित ठीक वाटेल. कुंभार्लीत तो ठीक नाही, आणि नवी गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्ये डिकी उघडून याचा जाब विचारलाच पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी बदलावी लागली. एजीएम प्रकारची, २१ हजार, आणि बदलल्यावर स्कॅनरने गाडीला नवी बॅटरी कळवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या हिशेबानेच चालू राहतं. कोपऱ्यावरच्या दुकानात बसवून घेऊ नका. ऑइल सर्व्हिस स्वतंत्र गॅरेजमध्ये दहा-अकरा हजारांत होते. हायवेला लिटरमागे सोळाच्या आसपास, साताऱ्यात अकरा-बारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर या गाड्यांचे जुने पार्ट मिळतात. आरसा, लाइट, दरवाज्याचं हँडल असल्या गोष्टींना तिथे जरूर जा. रबर आणि ब्रेक मात्र नवेच घ्या.

स्टेपनीची सोय मी कशी केली ते सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत. अरुंद डोनट चाक (तात्पुरतं लावायची बारीक स्टेपनी) जुन्या बाजारातून पाच हजारांत मिळालं. थर्माकोलचं खोकं काढलं तर त्या खोलगट जागेत ते बसतं, झाकण बोटभर वर राहतं. घेताना चार गोष्टी जुळवा: बोल्टचं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, चाकाची एकूण उंची, आणि ब्रेकचा कॅलिपर आत अडकतो का. पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांच्या जागी प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून बघा. लोखंडी डोनटला अलॉयचे बोल्ट लांब पडू शकतात आणि आतल्या भागांना घासू शकतात, म्हणून आखूड बोल्टचा वेगळा संच पिशवीत ठेवा. बहुतेक युरोपियन गाड्यांना स्टड (चाक अडकवायला बाहेर आलेले आटे) नसतात, चाक उचलून धरत बोल्ट लावावा लागतो, त्यासाठी एक गाइड पिन लेथवाल्याकडून करून घ्या. मला त्याने दीडशे रुपयांत दिली. जॅक, पाना, पिन, बोल्ट सगळं एकाच पिशवीत. आणि डोनटवर ८० च्या वर जायचं नाही.