डेव्हिस सुटका-संच: ‘थेटिस’च्या कसोटीवर

बुडालेल्या पाणबुडीतून खलाशाने स्वतःच्या बळावर वर यावे यासाठी ब्रिटिश नौदलाने १९२९ च्या सुमारास जे साधन स्वीकारले, त्या डेव्हिस सुटका-संचाचे परीक्षण करायचे तर सरावाच्या टाकीत तो कसा चालतो एवढे पाहून भागत नाही. पाण्याखाली श्वास घेण्याची साधने बनवणाऱ्या सीब गॉर्मन कंपनीचे रॉबर्ट डेव्हिस यांची ही रचना. तिची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती जून १९३९ मध्ये, लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली तेव्हा.

आधी वस्तू पाहू. छातीवर पट्ट्यांनी बांधायची रबरी पिशवी, तिच्या तळाशी दाबाने भरलेल्या प्राणवायूची छोटी पोलादी नळकांडी, आणि पिशवीच्या आत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या रसायनाचा डबा, असा सारा संसार एका माणसाच्या अंगावर मावतो. तोंडात नळीचे टोक घट्ट धरायचे, नाकाला चिमटा लावायचा, डोळ्यांवर चष्मा चढवायचा. मला यातला सर्वांत हुशार भाग वाटतो तो पुढे गुंडाळून ठेवलेला रबरी पडदा. वर येताना तो दोन्ही हातांनी ताणून समोर धरला की पाण्याचा अडथळा होऊन वेग मंदावतो आणि फुफ्फुसातली हवा फुगून इजा होण्याचा धोका घटतो. पिशवी फुगू लागली की जादा वायू झडपेतून सुटतो, आणि पृष्ठभागावर आल्यावर तीच पिशवी तरंगायला मदत करते. उणीव एकच, पण मोठी: शुद्ध प्राणवायू खोल पाण्यातल्या दाबाखाली विषारी ठरतो, त्यामुळे फार खोलात किंवा फार वेळ या संचावर विसंबता येत नाही.

१९३१ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ ‘पोसायडन’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडाली, तेव्हा तिच्यातून काही जण हा संच बांधून वर पोहोचले आणि त्याचे नाव झाले. इथेच नौदलाचा हिशेब चुकला असे माझे मत आहे. बुडालेली पाणबुडी बाहेरून उचलण्याच्या तयारीपेक्षा खलाशांनी आपले आपण बाहेर यावे यावर भर पडू लागला. म्हणजे छातीवरची पिशवी हीच बचावाची व्यवस्था ठरली.

‘थेटिस’ १ जून १९३९ रोजी बर्कनहेडहून चाचणीसाठी निघाली. नेहमीच्या खलाशांच्या जोडीला गोदीचे कामगार आणि इतर पाहुणे मिळून आत १०३ माणसे होती, म्हणजे जवळपास दुप्पट. पाचव्या टॉर्पेडो नळीचे बाहेरचे दार उघडे होते. नळीत पाणी आहे की नाही हे सांगण्यासाठी आतल्या दाराला एक छोटी चाचणी-तोटी होती, पण तिचे भोक रंगकामातल्या इनॅमलने बुजले होते. तोटीतून पाणी येईना, म्हणून नळी कोरडी आहे असे समजून आतले दार उघडले गेले. भोक साफ करण्यासाठी सळई दिलेली होती. ती वापरली गेली नाही. समुद्र आत घुसला, पुढचे दोन कप्पे भरले, आणि पाणबुडीचे नाक सुमारे ४९ मीटर खोल तळाला टेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ब्रेझन’ या विनाशिकेला तिचे शेपूट पाण्याबाहेर दिसले. हाताच्या अंतरावर पोलाद, आणि आत माणसे! संच बांधून, मागच्या सुटका-कक्षातून कॅप्टन ओराम आणि लेफ्टनंट वुड्स वर आले. पुढच्या खेपेला घाईने चौघे एकदम कक्षात शिरले आणि चौघेही दगावले. त्यानंतर अर्नोल्ड व शॉ वाचले. एवढेच चार. दुपारी बचाव जहाजाची तार तुटली, शेपूट पाण्याखाली गेले आणि ९९ माणसांचा मृत्यू झाला.

साधा हिशेब करून पाहावा. कक्ष दोघांचा, प्रत्येक खेपेला तो पाण्याने भरायचा, झाकण उघडायचे, माणसे गेली की बंद करून रिकामा करायचा. एका खेपेला वीस मिनिटे धरली तरी १०३ जणांसाठी ५२ खेपा, म्हणजे सतरा तासांहून अधिक वेळ, तोही सगळे शुद्धीवर असतील तर. आत मात्र दुप्पट माणसांच्या उच्छ्वासाने हवा झपाट्याने बिघडत होती. नंतर ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी बंद खोलीत स्वयंसेवकांसह बसून अशा हवेचा अनुभव घेतला, तेव्हा डोके भयंकर दुखणे आणि उलट्या हे त्रास समोर आले. अशा अवस्थेतल्या माणसाकडून नाकाचा चिमटा, चष्मा, झडप आणि पडदा या साऱ्याचा क्रम बिनचूक पाळला जाण्याची अपेक्षा हा संच करतो.

तरीही मी संचाला नापास करणार नाही. १९४१ मध्ये केफालोनिया या ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या ‘पर्सियस’ पाणबुडीमधून जॉन केप्स याच साधनाच्या आधारे किनाऱ्याला लागला. एकट्या, प्रशिक्षित आणि ताज्या हवेत तयारी करू शकणाऱ्या माणसासाठी हा उत्तम संच आहे. १०३ जणांच्या बचावाची जबाबदारी त्याच्या माथी मारणे मात्र गैर होते. युद्धानंतर नौदलाने सुटून आलेल्यांच्या जबान्या तपासल्या, तेव्हा संचाविना वर आलेल्यांचे यशही संच वापरणाऱ्यांच्या बरोबरीचेच दिसले, आणि हळूहळू छातीवरची पिशवी बाजूला पडून नुसता श्वास सोडत वर येण्याचे प्रशिक्षण इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या तीस मीटर उंच टाकीत सुरू झाले.