अ‍ॅक्टिन तंतू की सूक्ष्मनलिका?

बीजांडाभोवती क्युम्युलस पेशींचं दाट कडं असतं. बीजांड सुटण्याआधी संप्रेरकांचा इशारा येतो, पेशी हायलुरोनन नावाचा चिकट पदार्थ सोडतात आणि कडं चिकट ढगासारखं फुलतं. या हालचालीत पेशीच्या सांगाड्यातला कुठला भाग महत्त्वाचा: अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू की सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनाच्या पोकळ नळ्या?

सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर जाड, अ‍ॅक्टिन तंतू जेमतेम ७. तरी माझं मत अ‍ॅक्टिनलाच. या पेशी बीजांडाच्या कवचातून आत बारीक बोटं घालतात; ती बहुतांशी अ‍ॅक्टिनवर उभी असतात. टोकाशी गॅप जंक्शन, म्हणजे दोन पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग, त्यातून बीजांडाला पोषण. किती नाजूक सोय आहे ही! इशाऱ्यानंतर हीच बोटं मागे सरतात. प्रयोगशाळेत थाळीत वाढवलेल्या ग्रॅन्युलोसा पेशीही (क्युम्युलस याच गटातल्या) एफएसएच हे संप्रेरक मिळताच अ‍ॅक्टिनचे जुडगे मोडून गोल होतात.

सूक्ष्मनलिका मुख्यतः मालवाहतूक सांभाळतात. काही मोजक्या बोटांत त्याही सापडतात.