पडवीतला बांधीव ओटा की बागेतले स्टीलचे स्वयंपाकघर?

घराबाहेर स्वयंपाकाची सोय असावी, ही इच्छा आता बंगल्यांच्या आणि शेतघरांच्या आराखड्यांत पुन्हा दिसू लागली आहे. पुन्हा म्हणण्याचे कारण असे, की मागच्या पडवीतली चूल, शेजारी पाण्याचा बंब आणि पलीकडे मोरी ही व्यवस्था आपल्याकडे जुनीच आहे. सध्या प्रचलित असलेली रचना मात्र दोन घाटांची असते. पहिली म्हणजे घराच्या भिंतीला लागून, छपराखाली बांधलेला दगडी ओटा. दुसरी म्हणजे बागेत किंवा गच्चीवर उभारलेले, स्टीलच्या तयार कपाटांचे आणि मधोमध ग्रिल बसवलेले मॉड्यूलर स्वयंपाकघर, ज्यावर बहुधा पर्गोला, म्हणजे खांबांवर उघड्या पट्ट्यांचा मांडव, असतो. छायाचित्रांत दुसरे अधिक देखणे दिसते. तरीही जागा स्वतःची असेल आणि पडवी किंवा परसदार उपलब्ध असेल, तर पहिले निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे मुख्य कारण पाऊस. मोकळ्या बागेतल्या स्वयंपाकघराची कल्पना कॅलिफोर्निया किंवा भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशात सहज रुजते, कारण तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि बाहेर जेवण्याचे दिवस नेमके तेच असतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाचे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तर रत्नागिरीकडे ३००० मिलिमीटरच्या वर. उघड्या पट्ट्यांचा पर्गोला सावली देतो, पाऊस अडवत नाही. वर पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे टणक प्लास्टिकचे, पत्रे टाकले तरी वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस चारही बाजूंनी आत शिरतो आणि कपाटांच्या सांध्यांत पाणी साचते. भिंतीला लागून असलेल्या ओट्याची एक बाजू तरी घर स्वतःच सांभाळते. पावसाळी वारे पश्चिम आणि नैऋत्येकडून येतात, म्हणून घराच्या पूर्वेकडची पडवी मिळाली तर उत्तम. तसे शक्य नसेल तर छप्पर ओट्याच्या पुढे किमान एक मीटर काढावे आणि पागोळ्या ओट्यावर पडणार नाहीत अशी पन्हाळ लावावी.

मॉड्यूलर स्वयंपाकघर घेणाऱ्याने स्टीलची प्रत विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी ते पुरते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत मात्र त्यावर तपकिरी डाग धरू लागतात. अलिबाग, गुहागर, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर घर असेल, तर ३१६ प्रत मागावी. तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती मिठाला अधिक काळ तोंड देते. ती महाग असते, आणि कपाटे ३१६ची असली तरी बिजागऱ्या व स्क्रू साधेच आहेत, असेही होऊ शकते. म्हणून करारात तेही लिहून घ्यावे. बांधीव ओट्याला हा प्रश्न जवळजवळ नसतो. कोकणात तर चिऱ्याच्या भिंती, त्यांवर दगडी लादी आणि खाली दारांऐवजी मोकळे कप्पे एवढ्यावर काम भागते. मोकळ्या कप्प्यांत हवा खेळते आणि उंदीर-झुरळांना आडोसा कमी मिळतो.

ओट्याच्या लादीबाबत दोन्ही पर्यायांना सारखेच नियम लागू आहेत. घरातल्या स्वयंपाकघरात लोकप्रिय झालेला क्वार्ट्झ बाहेर लावू नये. त्यात दगडाची भुकटी राळेने बांधलेली असते. ती राळ उन्हाने पिवळी पडते आणि गरम भांड्याने करपते. कडप्पा स्वस्त आहे, पण तो चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, कोकम किंवा चिंच सांडली की त्यावर फिकट चट्टे उठतात. सिंटर्ड स्टोनच्या, म्हणजे खनिजांची भुकटी दाबून भट्टीत भाजलेल्या, लाद्यांनाही सध्या मागणी आहे. ऊन आणि उष्णता त्या उत्तम सोसतात, मात्र त्यांच्या कडा जपाव्या लागतात आणि खालून सलग आधार द्यावा लागतो. नारळ फोडायचा असेल, वरवंटा आपटणार असेल, तर ग्रॅनाइटला पर्याय नाही. तो फिकट रंगाचा घ्यावा, कारण काळा ग्रॅनाइट एप्रिलच्या उन्हात हात ठेवू देत नाही.

आता विस्तव. मॉड्यूलर रचनेचे आकर्षण असलेले जाळीचे ग्रिल कबाब, पनीर, मासे यांसाठी चांगले आहे, पण भाकरी, थालीपीठ किंवा घावन त्यावर होत नाहीत. अलीकडे सपाट तव्याचे बर्नर मिळू लागले आहेत, ते आपल्या स्वयंपाकाला अधिक उपयोगी पडतात. पिझ्झाची भट्टी बांधण्यापूर्वी मात्र नीट विचार करावा: ती तापायला वेळ आणि लाकूड दोन्ही भरपूर लागतात. बांधीव ओट्याच्या टोकाला अग्निरोधक विटांची चूल, तिला वैल (त्याच विस्तवावर चालणारे शेजारचे दुसरे तोंड) आणि वर धुरांडे काढले, तर वांगी भाजण्यापासून पाणी तापवण्यापर्यंत सगळे तिथे होते. चुलीच्या वर पॉलिकार्बोनेट नको. कौले किंवा पत्रा असावा, आणि धूर शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जाणार नाही, हे आधी पाहावे.

गॅसबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो तळाशी साचतो. स्टीलच्या बंदिस्त कपाटात १४.२ किलोचा सिलिंडर ठेवून दार लावणे धोक्याचे आहे. त्या कपाटाला तळाशी जाळी हवीच आणि शेजारी मोरीचे उघडे तोंड नको. विजेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि पाण्यापासून सुरक्षित असे आयपी ६५ दर्जाचे दिवे, यांत काटकसर करू नये.

गच्चीचा प्रश्न आला की माझे मत बदलते. दोन मीटर लांबीचा ओटा, त्याखाली विटांचे १० सेंटिमीटर जाडीचे तीन आधार आणि वर ग्रॅनाइट, एवढ्याचे वजन ढोबळ हिशेबाने ३५० किलोंच्या पुढे जाते, म्हणजे ओट्याच्या क्षेत्रफळावर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलोंचा आहे. शिवाय नळ आणि मोरीसाठी लादी फोडली की जलरोधक थराला धक्का बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीचे छत ओले होते. तिथे चाकांचे, हलके स्टीलचे एखाद-दुसरे युनिटच योग्य, आणि जड काही करायचेच असेल तर संरचना अभियंत्याला विचारूनच. भाड्याच्या घरातही तेच घ्यावे, कारण ते बरोबर नेता येते. बांधीव ओटा नेता येत नाही. पण त्याची लादी तडकली तर गावातला गवंडी ती बदलू शकतो, मॉड्यूलरच्या सुट्या भागांसाठी मात्र विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागते.

एक मोजमाप आराखड्यावर सही करण्यापूर्वी पायांनी घ्यावे. आतल्या फ्रिजपासून बाहेरच्या ओट्यापर्यंत भरलेले पातेले घेऊन चालून पाहावे. बागेच्या टोकाला असलेल्या स्वयंपाकघरात मीठ, तेल, पीठ, पाणी यांसाठी होणाऱ्या खेपा घरातल्या एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात, आणि बहुधा ती आई असते. पडवीतल्या ओट्यामागच्या भिंतीत, आतल्या स्वयंपाकघराकडे उघडणारी दोन फुटांची खिडकी ठेवली, तर त्या खेपा वाचतात आणि आत पोळ्या लाटणाऱ्यालाही बाहेरच्या गप्पांत भाग घेता येतो.